स्टेप्टो ब्यूट : माथ्यापेक्षा वाटेतली वळणं मोलाची

वॉशिंग्टन राज्याच्या आग्नेय टोकाला पलूस नावाचा शेतीचा पट्टा आहे. वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक मातीच्या लाटांसारख्या टेकड्या, आणि त्यांच्या अंगाखांद्यावर गहू, मसूर, काबुली चणा. हे सगळं वरून बघायला स्टेप्टो ब्यूटसारखी दुसरी जागा नाही. डोंगर ३,६१२ फूट उंच, म्हणजे भोवतालच्या शेतांहून सुमारे हजार फूट वर. खडक क्वार्ट्झाइटचा, फार पुरातन. लाव्हा त्याच्या भोवती साचत गेला आणि हा माथा तेवढा उघडा राहिला. त्यामुळे चारही बाजूंना नजर अडत नाही.

कोलफॅक्स गावाहून १९५ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेला जायचं. डोंगराला वेढे घालत डांबरी रस्ता थेट माथ्यावर पोचतो. बहुतेक लोक वाटेत न थांबता वर जातात आणि तिथेच चुकतं. माथ्यावर टॉवर आहेत, वारा जास्त, आणि इतक्या उंचीवरून जवळच्या टेकड्या चपट्या दिसतात. मधल्या वळणांवर, जिथे गाडी रस्त्याबाहेर नीट लावता येते, तिथून त्यांचा उठाव खरा कळतो. रस्ता अरुंद आहे. समोरून गाडी येणार हे धरूनच वळण घ्या.

वेळ चुकली तर मात्र कुठलंही वळण उपयोगाचं नाही. भर दुपारी सावल्या नसतात, त्यामुळे शेतांचा नुसता हिरवा गालिचा दिसतो. जूनमध्ये सूर्य रात्री पावणेनऊच्या सुमारास वायव्येला मावळतो. आधीचे दीड-दोन तास नैऋत्येकडे किंवा ईशान्येकडे तोंड करून बघा: ऊन आडवं पडतं, प्रत्येक टेकडीची एक कड उजळते आणि दुसरी काळोखते. पेरणी यंत्राच्या ओळीसुद्धा मोजता येतील इतक्या स्पष्ट होतात. शेवटी डोंगराचीच त्रिकोणी सावली आग्नेयेकडच्या शेतांवर लांबत जाते. ती अजिबात चुकवू नका.

कॅमेऱ्याला वाइड लेन्स इथे कमी कामाची. ७०-२०० मिमीची लांब पल्ल्याची लेन्स हवीच, १००-४०० असेल तर उत्तम. वाऱ्याने ट्रायपॉड थरथरतो, म्हणून मधला दांडा वर काढू नका आणि फडफडणारा कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवा. दुपारी लांबच्या लेन्सने काढलेले फोटो धूसर येतात ते तापलेल्या हवेमुळे. फोकस तपासत बसू नका.

हिरवाईसाठी जूनचा पहिला पंधरवडा, सोनेरी गहू आणि कापणीसाठी जुलैअखेर ते ऑगस्ट. ऑगस्टमध्ये वणव्यांचा धूर दृश्य पार पुसून टाकू शकतो, तेव्हा निघण्यापूर्वी हवेची स्थिती बघा.

डिस्कव्हर पास, म्हणजे राज्याच्या उद्यानांत गाडी नेण्याचा परवाना, लागतो, दिवसाचे १० डॉलर. वर पाणी नाही, दुकान नाही. पेट्रोल आणि पाणी कोलफॅक्सलाच भरून घ्या. उघडण्या-बंद होण्याच्या वेळा आधी पाहा, विशेषतः पहाटे जायचं असेल तर. सिएटलची मराठी मंडळी एका दिवसात जाऊन यायचं ठरवतात, पण एका बाजूचे पाच तास आणि एवढ्या उशिराचा सूर्यास्त बघता मुक्काम कोलफॅक्स किंवा पुलमनला करावा. खालची शेतं खाजगी आहेत, फोटोसाठी उभ्या पिकात शिरू नका.

झाडांची सावली, पायवाट आणि तंबू हवा असेल तर जवळचं कमियाक ब्यूट निवडा. ते थोडं उंचही आहे, ३,६४१ फूट, पण तिथे गाडी माथ्यापर्यंत जात नाही आणि पाइनची झाडं बरंच दृश्य झाकतात. वयस्कर आईवडील बरोबर असतील तर स्टेप्टोच बरं.