मालवणचं स्नॉर्कलिंग : ब्रेड टाकणारी बोट असेल तर सरळ नको म्हणा

डिसेंबरात मालवणला जाऊन आलो, आम्ही आणि मेव्हण्याचं कुटुंब, अख्खं वऱ्हाडच म्हणा ना. आल्यापासून सगळे विचारतायत स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं) कुठे केलं, किती घेतले, मासे दिसले का, म्हणून एकदाच लिहून टाकतो. बोटवाल्यांची नावं देत नाहीये, किनाऱ्यावर उतरलात की दहा पावलांत दहा एजंट गाठतात, त्यातून निवडायचं कसं ते महत्त्वाचं.

आधी एक गोष्ट, जी आम्हाला एकाही एजंटने सांगितली नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं हे पाणी सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून. सगळं मिळून साधारण २९ चौरस किमी, त्यातलं ३ च्या आसपास गाभा क्षेत्र, आणि सिंधुदुर्ग किल्ला, पद्मगड, बाजूचे पाण्याखालचे खडक हे सगळं त्या गाभ्यातच येतं. ताडोबात जिप्सीतून खाली पाय ठेवायचा नाही हे शेंबड्या पोरालाही माहितीय, इथे मात्र लोक थेट गाभ्यात उडी मारतात आणि दमले की कोरलवरच, म्हणजे जिवंत प्रवाळावरच उभे राहतात!

पहिल्या दिवशी स्वस्त पॅकेज घेतलं, फोटो व्हिडिओ सगळं त्यातच. बोट खडकापाशी नेली आणि धाडकन नांगर खाली. कुठे पडला कोणी बघितलं पण नाही. मग बोटीवरच्या पोराने ब्रेडचा पुडा फोडला, पाण्यात स्लाइस कुस्करली आणि काळ्या पट्ट्यांचे पिवळट मासे असे काय तुटून पडले की मुलं किंचाळायलाच लागली. व्हिडिओ एक नंबर येतो, खोटं कशाला बोलू. रील्समध्ये माशांच्या गराड्यात हसणारा माणूस दिसतो ना, तो गराडा त्याच्यासाठी नसतो, मुठीतल्या ब्रेडसाठी असतो. आणि गर्दी जमते ती पण त्या एक-दोन जातींचीच, बाकीचे मासे लांब पळतात. कोरलवरचं शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे असतात, त्यांना आयता मैदा मिळाला तर ते शेवाळ खरवडणार कोण? वर उरलेला ब्रेड तिथेच कुजतो. नांगराचं तर विचारूच नका, आपल्याकडचं गोल दगडासारखं दिसणारं कोरल वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं, म्हणजे एका फटक्यात कितीतरी वर्षांची वाढ गेली. मी म्हटलं अरे बोट बांधायला तरंगता बोया नाही का लावलाय कुठे, तर म्हणे साहेब, सगळे असंच करतात.

दोन दिवसांनी आम्ही राहिलो होतो त्या घरच्या काकूंच्या ओळखीने एक वयस्कर बोटवाले मिळाले, आधी मासेमारी करायचे, आता सीझनला हे. माणशी दोनेकशे रुपये जास्त घेतले पण काम बघा. बोट बोयाला दोराने बांधली, नांगर टाकलाच नाही. उतरायच्या आधी सगळ्यांना उथळ पाण्यात मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायची प्रॅक्टिस दिली, पाय खाली टेकवायचे नाहीत, दमलात तर रिंग धरून तरंगा, एवढंच दोनदा सांगितलं. मेव्हण्याने सनस्क्रीनचे थर चढवले होते तर त्याला म्हणाले ते सगळं पाण्यात उतरतं, त्यापेक्षा फुल बाह्यांचा टी-शर्ट घाला. सुरुवातीची पाच-सात मिनिटं काहीच दिसेना, आमची मुलगी वैतागली, तर काका शांतपणे, "घाई कित्याक? मासो खंय पळान जातलो?" आणि खरंच, जरा स्थिर तरंगत राहिलं की एकेक गोष्ट दिसायला लागते. एक हिरवट निळा पोपट मासा कोरलला चोच लावून खरवडत होता, तो कर्र कर्र आवाज पाण्यात चक्क ऐकू येतो! खडकाच्या फटीत सी अर्चिनचे (काटेरी चेंडूसारखा समुद्री प्राणी) काळे काटे, त्याच्या आडोशाला बारकी पिल्लं. व्हिडिओत यातलं निम्मंही आलेलं नाही.

आता अपेक्षा जमिनीवर ठेवा. हे अंदमान नाही, पाणी काचेसारखं नसतं, वारा सुटला की गढूळ होतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर, वारा पडलेला असताना जा. मे एंडपासून पावसाळाभर वॉटर स्पोर्ट्स बंद असतात, तेव्हा कोणी 'गुपचूप नेतो' म्हणाला तर जाऊ नका.

पहिल्या बोटीला एक स्टार, तो पण लाईफ जॅकेट धड होते म्हणून. काकांना साडेचार. अर्धा कापला कारण लहान मुलांच्या मापाचे मास्क नव्हते, पोरीच्या मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं, तुमच्याकडे असेल तर घरूनच न्या. बुक करताना दोनच प्रश्न विचारा : बोट कशाला बांधता आणि ब्रेड टाकता का. दुसऱ्याचं उत्तर 'हो हो, भरपूर मासे येतील' असं आलं की पुढच्या बोटीकडे वळा. आणि निघताना भरपेट कोंबडी वडे खाऊन जाऊ नका, बोट हलते, मेव्हण्याला विचारा.