तबल्याच्या रियाजाआधी दहा मिनिटं नुसतं पडून राहायचं – अलेक्झांडर टेक्निकच्या सहा सेशननंतरचा अनुभव

अकरा वर्षं तबला शिकतेय, आणि गेली दोन वर्षं माझं तिरकिट (हा वेगात वाजवायचा बोल) एका जागी अडकलं होतं. चौगुनीत, म्हणजे चौपट लयीत, मेट्रोनोमवर (लय देणारं यंत्र) ११० पर्यंत स्वच्छ यायचं, १२० केलं की 'किट' दबायचं. म्हणून रियाज वाढवला, दीड तासाचे अडीच केले, तर उजवा खांदाच धरला. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले सांधा ठीक आहे. मग क्लासमधल्या एकाने कोथरूडच्या एका ताईंचं नाव सुचवलं, त्या अलेक्झांडर टेक्निक शिकवतात, म्हणजे काही करताना आपण शरीर नकळत कुठे ताणतो ते ओळखायची पद्धत. सहा सेशन, प्रत्येकी ४० मिनिटं, सहाचे मिळून ४,८०० रुपये. ताईंना विचारलेलं नाहीये म्हणून नाव-नंबर इथे टाकत नाही.

ही पद्धत काढणारा अलेक्झांडर ऑस्ट्रेलियातला, जन्म १८६९ चा, स्टेजवर पाठांतरं म्हणायचा आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज बसायचा. औषधपाण्याने कायमचा फरक पडेना, तेव्हा आरसे लावून स्वतःला बघत बसला आणि दिसलं काय, तर बोलायला तोंड उघडायच्या आधीच तो डोकं मागे खेचतो नि श्वास ओढून घेतो. म्हणजे चूक बोलण्यात नव्हती, बोलायच्या आधीच्या क्षणात होती. हे ऐकलं तेव्हा छान गोष्ट वाटली, बास. माझ्याशी तिचा काय संबंध ते तबला लावल्यावर कळलं.

ताई म्हणाल्या, वाजव. मी वाजवतेय आणि त्या हाताकडे बघतच नाहीयेत, मानेकडे बघतायत. थांबवून म्हणाल्या, "तिरकिट यायच्या आधीच्या मात्रेला तू श्वास धरतेस आणि दात आवळतेस." अकरा वर्षांत मला हे कधी जाणवलं नव्हतं. आणि डावा हात! डग्ग्यावर मनगट टेकवायचं असतं, मी अख्ख्या खांद्याचा भार तिथे टाकत होते. घरी येऊन डग्ग्याखालची चुंबळ काढून बघितली तर एका बाजूने चपटी झालेली. इतकी वर्षं ती रोज हाताळतेय आणि कधी लक्ष गेलं नाही.

रोजचा गृहपाठ अगदी छोटा. सतरंजीवर उताणं पडायचं, डोक्याखाली एक-दोन पुस्तकं, गुडघे वर, पायांचे तळवे जमिनीवर, डोळे उघडे, दहा मिनिटं. मान सैल सोडायचा प्रयत्न करायचा नाही, मान काय करतेय तेवढं बघायचं. मग उठून तबल्यावर फक्त तीन मिनिटं: हात उचलायच्या आधी थांबायचं, जबडा कसाय ते बघायचं, एक तिरकिट, परत थांबायचं. पहिला आठवडा फार वैताग आला, वाजवायला बसून वाजवायचंच नाही म्हणजे काय.

सहा आठवड्यांनी १२८ ला स्वच्छ येतंय, रियाज परत दीड तासावर आणलाय, खांदा दुखत नाही. चाटेवरचा (तबल्याच्या काठाच्या पट्टीवरचा) 'ना' सुद्धा मोकळा वाजायला लागला, ते तर मी मागितलंही नव्हतं. धिरधिर या बोलात मात्र काहीच फरक नाही, कारण तिथे हाताच्या तळव्याचं वळणच कच्चं आहे आणि ते काम गुरुजींचं. हे शिक्षण तबला शिकवत नाही, तबल्याच्या मधे येणारं आपलं शरीर दाखवतं.

गुरुजींना भीतभीत सांगितलं, तर तेच म्हणाले, अगं व्हायोलिनवादक मेन्युहिन १९५२ मध्ये मुंबईत आपल्या पुण्याच्या योगगुरू अय्यंगारांना भेटला आणि योगामुळे वादन सुधारलं म्हणून त्याने त्यांना घड्याळ भेट दिलं, त्यावर 'माझे सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षक' असं कोरून. पद्धत वेगळी आहे, पण पुण्यात राहून मला हे माहीत नव्हतं याचं वाईट वाटलं.

तक्रारी आहेत. पहिल्या सेशनचा अर्धा वेळ माहितीतच गेला, पैसे मोजलेत तर ते फोनवर सांगता आलं असतं. जागा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि तबला-डग्गा आपला आपण न्यायचा. सतरंजी पातळ आहे, डिसेंबरात पाठ गारठते, स्वतःची चादर न्या. संध्याकाळी खाली रिक्षांचे हॉर्न असतात, त्यात श्वासाकडे लक्ष राहत नाही, सकाळी सातची वेळ मिळाली तर तीच घ्या. आणि आधीच दुखत असेल तर पहिल्यांदा डॉक्टर, मग हे.

पुढची सहा सेशन मी लावलीयेत, आता डाव्या हाताच्या घिश्श्यावर (डग्ग्यावर मनगट घासत काढायचा आवाज) काम करायचंय.