‘होणार नाही’ म्हणणारा रिपेरीवाला : सांगलीतल्या एका दुकानाबद्दल

विश्रामबागेत माझं छोटंसं गेम पार्लर आहे. पाच कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीनं), पाच टीव्ही, एक कूलर आणि कॉलेज सुटलं की दाराबाहेर चपलांचा ढीग. वालचंद आणि विलिंग्डनची पोरं मला ताई म्हणतात आणि हरली की कंट्रोलरला शिव्या घालतात. घरातलं कन्सोल दिवसाला तासभर चालत असेल, माझ्याकडं सकाळी ११ ते रात्री १० चालतं. त्यामुळं कुठली वस्तू किती टिकते याचा हिशेब मला वेगळा ठेवावा लागत नाही, गल्ल्याशेजारच्या वहीत तो आपोआप होतो.

कुणाचं मशीन भारी यावरून पोरांची भांडणं होतात, म्हणून मी कंपन्यांची नावंच घेत नाही. एक नंबर, दोन नंबर, असं पाच नंबरपर्यंत. माझ्या मशीनांबद्दल इथंही तसंच लिहिते.

पण लिहायचंय ते रिपेरीवाल्या काकांबद्दल. दुकान गावभागात, एका गल्लीच्या टोकाला. पाटी अजून ‘रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्ती’ अशीच आहे. खाली कुणीतरी स्केचपेननं ‘गेम’ लिहिलेलं, त्यातला ‘म’ पावसानं गेलाय. ‘नेटवर लिहू का?’ म्हणून विचारलं तर म्हणाले, ‘लिही, पण माझं नाव आन् नंबर नको. हाय तेच काम आवरंना.’ तेव्हा ज्यांना जायचंय त्यांनी गावभागात पाटी शोधावी, किंवा कुणालाही विचारावं.

आत गेलं की पहिल्यांदा भिंतीवरची लाल रेघ दिसते. माझ्या खांद्याच्या वर. शेजारी काकांच्या अक्षरात ‘ऑगस्ट २०१९’. त्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती. २०२१ लाही पाणी आलं, पण रेघेला टेकलं नाही. त्या रेघेखाली काका गिऱ्हाइकाचं एकही मशीन ठेवत नाहीत. खाली रिकामी खोकी, एक स्टूल आणि ते स्वतः. सांगलीत सामान ठेवायची याच्याइतकी खात्रीची पद्धत मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

माझी त्यांची ओळख तीन नंबरमुळं झाली. मशीन सुरू केलं की दहा मिनिटांत गिरणीसारखं घरघरायला लागायचं, विसाव्या मिनिटाला स्क्रीनवर ‘फार तापलंय’ अशी सूचना, आणि बंद. ऐन मॅचमध्ये. पोरं पैसे परत मागायची आणि मला द्यावे लागायचे. तेव्हा आमचा गाळा मार्केट यार्डाजवळ होता. काकांनी मशीन उघडलं, फॅनवरचं झाकण काढलं, तर पात्यांवर पिवळट लोकरीसारखा थर. त्यांनी चिमटीत धरून तो नाकाशी नेला.

‘हळद हाय,’ म्हणाले.

मी हसले. मग त्यांनी चिमूट माझ्यापुढं धरली. खरंच हळद. यार्डातली उडणारी हळद, तेलकट धूळ आणि कुणाकुणाचे केस, असं सगळं फॅननं वर्षभर आत ओढलेलं. हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या, पत्र्यांमधल्या फटी जुन्या गादीतल्या कापसासारख्या गच्च. हवा जाणार कुठून? त्याच्याखाली चिपवरची पेस्ट. चिप आणि वरचा धातू दिसायला एकमेकांना चिकटलेले असतात, पण मध्ये डोळ्याला न दिसणाऱ्या फटी राहतात. त्या बुजवून उष्णता वर पोचवायचं काम ती पेस्ट करते. तीन नंबरमधली वाळून खडू झाली होती. काकांनी नखानं टिचकी मारली तसा पोपडा उडाला. स्पिरिटनं पुसून त्यांनी तुरीच्या डाळीएवढा नवा ठिपका लावला, स्क्रू कर्णाकर्णानं आवळले, आणि ५०० रुपये. फॅन साफ करताना ब्लोअर मारण्याआधी पातं बोटानं धरून ठेवायचं, फिरू द्यायचं नाही, नाहीतर बेअरिंग जातं, हेही तेव्हाच शिकवलं. आता ते मी घरीच करते, दर दोन महिन्यांनी. म्हणजे काकांनी स्वतःचंच एक गिऱ्हाईक कमी केलं.

या दुकानाला पाचपैकी साडेचार द्यायचे का पाच, हे ठरवायला मला एक नंबरची गोष्ट सांगावी लागेल.

एक नंबर जुनं, सेकंडहँड घेतलेलं. एक दिवस दिवा लागला, चित्र नाही. काकांची ओळख व्हायच्या आधीची गोष्ट, म्हणून मी ते दुसऱ्या एका शहरातल्या दुकानात पाठवलं. चिप काढून खालचे सोल्डरचे मणी नवे बसवतो, असं सांगून ३,५०० रुपये घेतले. मशीन परत आलं, झक्क चाललं. वहीत लिहिलंय, १७ दिवस. मग पुन्हा तेच.

पुढं काकांकडं नेलं तर त्यांनी भिंगातून चिपच्या कडा बघितल्या आणि भिंग खाली ठेवलं. ‘चिप निघालीच न्हाई ही. वरनं नुसती गरम हवा मारलीया.’

‘मग तुम्ही नीट करा.’

‘होणार न्हाई. म्हंजे चालू करून देतो म्हणशील तर आत्ता देतो. महिनाभर चालंल. पर त्याचं पैसं घिऊन मला झोप लागायची न्हाई.’

कुणी मला ‘होणार नाही’ इतक्या सरळ सांगितल्याचं आठवत नाही. मी वाद घातला. मग त्यांनी फळीवरून मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या कन्सोलचं जुनं बोर्ड काढलं आणि अर्धा तास शाळा घेतली.

ते मशीन २००५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत आलं. बटणाभोवतीच्या चार हिरव्या दिव्यांपैकी तीन लाल होऊन लुकलुकायला लागले की खेळ संपला. लोक त्याला मरणाचं लाल कडंच म्हणायचे. तक्रारी एवढ्या वाढल्या की जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टनं त्या बिघाडापुरती वॉरंटी तीन वर्षांवर नेली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरच्या वर रक्कम बाजूला काढली. कारण वरवर पाहता साधं. चिप तापली की फुगते, बंद केली की आकसते. रोज चालू, रोज बंद. असं हजारदा झालं की जोड तडकतात. बरीच वर्षं जगभरचे रिपेरीवाले चिप आणि बोर्ड यांच्यामधल्या सोल्डरला दोष देत राहिले. २०२१ मध्ये कंपनीच्याच माणसांनी सांगितलं, की तुटत होते ते चिपच्या पॅकेजच्या आतले जोड. तिथं ना सोल्डरिंग गन पोचते ना नवे मणी. मग गरम हवेनं मशीन चालू कसं व्हायचं? तापल्यावर तडकलेले जोड तात्पुरते टेकायचे. तेव्हा लोक चालू मशीन टॉवेलमध्ये गुंडाळून मुद्दाम तापवत होते, त्यानंही चालायचं. थोडे दिवस.

‘मोडल्याल्या हाडाला शेक दिला तर दुखायचं थांबतंय,’ काका म्हणाले, ‘जुळत न्हाई.’

माझं एक नंबर वेगळ्या जातीचं, त्यामुळं आतलं नेमकं काय तुटलंय हे त्यांनाही ठामपणे सांगता येत नव्हतं, आणि तसं त्यांनी कबूल केलं. पण चिपपाशीच घोळ आहे एवढं नक्की. शेवटी पॉवर सप्लाय आणि डिस्कचा ड्राइव्ह सुट्या भागांसाठी ठेवून घेतला आणि वर मला ७०० रुपये दिले. रिपेरीवाल्यानं मला पैसे द्यायची ही पहिली आणि शेवटची वेळ. आताचं एक नंबर नवं आहे.

माझ्या वहीत सर्वांत जास्त नोंदी मशीनच्या नसून कंट्रोलरच्या स्टिकच्या, म्हणजे अंगठ्यानं फिरवायच्या दांडीच्या, आहेत. हात न लावता खेळाडू आपला डावीकडं चालायला लागतो, आणि पोरं म्हणतात ‘ताई, ह्याला भूत लागलंय’. काकांनी एक स्टिक फोडून भिंगाखाली दाखवली. आत कार्बनची काळी पट्टी असते, तिच्यावरून धातूची बारीक जीभ घासत फिरते. तीन महिन्यांच्या फुटबॉलनं त्या पट्टीवर बैलगाडीच्या चाकोरीसारखी रेघ पडली होती. झिजून उडालेली काळी भुकटी बाजूला. हा रोग एका कंपनीचा नाही. निन्टेन्डोच्या स्विचच्या कंट्रोलरबद्दल एवढी ओरड झाली की जून २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी माफी मागितली होती. गंमत म्हणजे उपाय जुनाच आहे. लोहचुंबक आणि सेन्सर, घासणं नाहीच. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये तो १९९८ लाच होता. पुढं सगळे स्वस्त पट्टीकडं का वळले हे मी काकांना विचारलं, त्यांनी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून दाखवली.

साधी स्टिक बसवायचे ते ३५० घेतात, चुंबकवाल्या जोडीचे ९००. गेल्या दिवाळीला मी सगळीकडं चुंबकवाल्या बसवून घेतल्या, त्यानंतर वहीचं ते पान रिकामं आहे. पोरं म्हणतात जरा सैल लागतात. लागू देत.

बसवल्यावर मधला बिंदू जुळवायला काका प्रत्येक स्टिकमागं वीस-पंचवीस मिनिटं घालवतात. स्टिक सोडायची, आकडा बघायचा, केसभर फिरवायची, परत सोडायची. त्यांचं घर मिरजेत, सतारमेकर गल्लीच्या जवळ. मला तर सतारीची जवारी, म्हणजे तारांचा गुंजणारा सूर, काढणारा कारागीर तारांखालची घोडी घासून कान लावून बसलाय असंच वाटतं. फक्त इथं कानाऐवजी डोळे, आणि मध्येमध्ये ‘हलकट कुठली’.

प्लेस्टेशन ५ घेऊन जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट. त्याच्यात चिप आणि हीटसिंकच्या मध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. उष्णता झकास नेतो, पण वीजही नेतो. एक थेंब भलतीकडं सांडला की बोर्ड गेलं. काका ते मशीन उघडतात, फॅन काढतात, धूळ ओढायला कंपनीनंच जी भोकं ठेवलीत तिथं व्हॅक्यूम लावतात आणि झाकण बसवतात. हीटसिंकला हात लावत नाहीत. ‘हात थरथरतोय आता,’ म्हणाले. मला नाही दिसला थरथरताना, पण त्यांचा हात, त्यांना माहीत.

आता तक्रारी, कारण त्याही आहेत.

वेळ. काकांचं ‘उद्या’ म्हणजे चार ते नऊ दिवस. फोन उचलत नाहीत, उचलला तर ‘येऊन बघ’ म्हणतात, आणि विश्रामबागेतून गावभागात जाऊन बघितलं तर कुलूप. भर सुट्टीत माझी दोन टीव्ही आठवडाभर काळी होती. त्याचं नुकसान मी इथं लिहीत नाही, नवरा वाचेल.

बिल नाही. हिशेब कॅलेंडरच्या मागच्या पानावर. वॉरंटी तोंडी. चार नंबरचं एचडीएमआयचं पोर्ट, म्हणजे टीव्हीची वायर खोचायची जागा, त्यांनी १,२०० ला बदललं, चार महिन्यांत ते पुन्हा हललं. ‘तुझी पोरं वायरीत पाय अडकवत्यात,’ म्हणाले. खरं आहे, अडकवतात. तरी मला वाटतं पहिल्या वेळी पोर्टाच्या पायांना सोल्डर कमी पडलं होतं. दुसऱ्यांदा मजुरी घेतली नाही, पोर्टाचे ३०० घेतले. चूक कबूल केली असती तर ते ३०० आनंदानं दिले असते.

एकदा मशीन जोडून झाल्यावर टेबलावर एक स्क्रू उरला. मी बोट दाखवलं. ‘त्यो जास्तीचा हुता,’ म्हणाले आणि खिशात टाकला. ते मशीन दीड वर्ष चालतंय, त्यामुळं बोलायला जागा नाही.

आणि लेक्चर. बरोबर नेलेल्या एका पोरानं एचडीएमआयच्या पोर्टात फुंकर मारली तर काकांनी त्याला दहा मिनिटं झापलं. आम्ही लहानपणी टीव्ही गेमची कार्ट्रिज फुंकूनच लावायचो की. त्यांच्या मते फुंकरीनं कधी काही झालंच नाही. कार्ट्रिज काढून परत खोचली की पिना नव्या जागी टेकायच्या, म्हणून चालायची. फुंकरीतून गेली ती थुंकी, आणि थुंकीनं पिना काळ्या पडल्या. पंचवीस वर्षं माझा भाऊ स्वतःला त्यातला तज्ज्ञ समजत होता. त्याला अजून सांगितलेलं नाही.

पुरात भिजलेली मशीनं घेऊन जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा : वाळलंय म्हणून घरी चालू करून बघू नका. गाळ आत तसाच असतो आणि वीज लागली की तांबं खायला लागतो. काका आधी बोर्डावरची बटणाएवढी बॅटरी काढतात, मग बोर्ड चक्क साध्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुतात, मग अल्कोहोलनं, मग कितीतरी दिवस पंख्याखाली. २०१९ ला आलेल्यांपैकी किती जगली असं विचारलं तर त्यांनी मान हलवली. होकार होता का नकार, कळलं नाही.

आत्ता माझं दोन नंबर त्यांच्या फळीवर आहे, रेघेच्या वर. मे महिन्यातल्या वळवात जवळच वीज पडली, केबलच्या वायरीतून टीव्हीत शिरली आणि टीव्हीतून कन्सोलची एचडीएमआयची चिप घेऊन गेली. हे मात्र होणार आहे म्हणतात. चिप मुंबईहून, लॅमिंग्टन रोडवरून मागवलीय. गुरुवारी ये म्हणालेत. कुठला गुरुवार ते मी विचारलेलं नाही.