घरी येऊन रक्त नेणारी लॅब : आठ महिन्यांचा अनुभव आणि जांभळं टोपण

आठ महिन्यांत आईचं रक्त पाच वेळा घरीच घेतलं. वय चौऱ्याहत्तर, गुडघे गेलेले, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या तीन खेपांना सगळं इतकं सुरळीत झालं की शेजारी दोघांना मीच नंबर दिला.

चौथ्या खेपेला रिपोर्ट आला : पोटॅशियम 7.4. एरवी ते 5 च्या आसपास थांबायला हवं. आईला बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू आहे आणि त्या गोळीनं पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून डॉक्टर म्हणाले, “आत्ताच्या आत्ता ईसीजी काढा.” खुर्चीवर बसवून तिला खाली आणलं. ती सारखी विचारत होती, “काय झालंय मला, नीट सांग.” ईसीजी नॉर्मल. तिथेच पुन्हा रक्त दिलं, पोटॅशियम 4.5.

मग डॉक्टरांनी जुना रिपोर्ट पुन्हा पाहिला. कॅल्शियम 5.9, म्हणजे फारच खाली. “दोन्ही एकदम? नळ्यांचा घोळ आहे हा.” आणि मला सकाळ आठवली. शीर सापडेना, पिवळ्या टोपणाच्या नळीत रक्त कमी पडलं, तेव्हा रक्त घ्यायला आलेल्या मुलानं जांभळ्या नळीतलं थोडं तिच्यात ओतलं. जांभळ्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं, तेही पोटॅशियमचं. ते कॅल्शियम बांधून ठेवतं. एक नळी दुसरीत ओतली की दोन्ही आकडे खोटे. हे माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी गप्प बसलो, याचं अजून वाईट वाटतं.

कॉल सेंटरचं उत्तर : “मशीनचा रिपोर्ट आहे सर, बरोबरच असणार.” त्या रात्री एक स्टार देऊन मोकळा झालो. ईसीजी आणि रिक्षाचे साडेआठशे रुपये आजतागायत मिळालेले नाहीत, आणि ते मी विसरणार नाही.

पण दोन दिवसांनी लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचा स्वतःहून फोन आला. सगळं ऐकून घेतलं, चूक मान्य केली. पाचव्या खेपेला ज्या ताई आल्या, त्यांच्यामुळे आता तीन स्टार करतोय. आधी आईला नाव-वय विचारलं, लेबल तिच्यासमोरच लावलं. “आजी, मूठ सारखी उघडमीट करू नका,” म्हणाल्या, कारण त्यानंही पोटॅशियम वाढतं. रक्त यायला लागताच दंडाचा पट्टा सोडला. आधी पिवळी, मग जांभळी, शेवटी साखरेची राखाडी. साध्या नळीत पेशी साखर खात राहतात, तासाला पाच-सात टक्के कमी होते, म्हणून ती वेगळी.

त्यांनीच सांगितलं की उपाशीपोटी म्हणजे पाणीही बंद नव्हे. मी चार वेळा आईला कोरडं ठेवलं होतं! साधं पाणी चालतं, शीरही लवकर मिळते. चहा मात्र नको. एचबीए1सीला, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या तपासणीला, तर उपाशी राहायचीही गरज नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर थायरॉईडच्या तपासणीआधी डॉक्टरांना जरूर सांगा, टीएसएच चुकीचा येऊ शकतो.

ऐंशी चाचण्यांचं पॅकेज घेऊ नका. आईच्या डॉक्टरांना क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि एचबीए1सी एवढंच हवं होतं. बाकीचे पैसे मी उगाच भरले.

पुढची खेप दिवाळीनंतर. त्याच ताई येणार असतील तरच वेळ द्या, असं बुकिंगला सांगून ठेवलंय.