सायकल पार्किंगचे ॲप: जागा दाखवणारे की कुलूप उघडणारे?

शहरात सायकल सुरक्षित ठेवता यावी म्हणून ॲप बनवायचे ठरले की आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: ॲपने केवळ चांगली जागा दाखवायची, की बंदिस्त पार्किंगचे दारही उघडायचे?

जागा दाखवणारे ॲप कमी खर्चात उभे राहते. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावर अनेक शहरांतील सायकल स्टँड नोंदवलेले असतात. काहींची क्षमता आणि छपराचा तपशीलही मिळतो. पण फ्रेम व चाक दोन्ही बांधता येतील असा उलट्या ‘यू’ आकाराचा दांडा आहे की फक्त पुढचे चाक अडकवायची खाच, हे कळले नाही तर सुरक्षेच्या दृष्टीने असा नकाशा कुचकामी ठरतो, कारण चाक तिथेच सोडून बाकीची सायकल पळवणे चोराला फारसे जड जात नाही. चोरीच्या तक्रारींचे नुसते आकडे दाखवणेही दिशाभूल करणारे आहे. जिथे सायकली जास्त लावल्या जातात, तिथे तक्रारीही जास्त येणारच.

कुलूप उघडणाऱ्या ॲपची खरी कसोटी सायकल परत नेताना लागते. तळघरात नेटवर्क नाही, मोबाइलची बॅटरी संपत आली आहे आणि सायकल जाळीच्या दाराआड आहे, ही स्थिती अपवाद मानून चालत नाही. म्हणून ठरावीक मुदतीचा, डिजिटल स्वाक्षरी असलेला परवाना फोनमध्ये आधीच साठवावा आणि कुलपाने तो ब्लूटूथवरून स्वतः तपासावा. सर्व्हरला विचारल्याशिवाय न उघडणारे कुलूप इथे नकोच. मोबाइल पूर्ण बंद पडला तर कार्ड किंवा आकडी संकेताची सोय हवी. नेदरलँड्समधील उट्रेख्ट स्थानकालगतच्या, सुमारे १२,५०० सायकलींच्या पार्किंगमध्ये प्रवासी कार्डाने नोंद करता येते, तर जपानच्या गिकेन कंपनीची टोकियोतील भूमिगत यंत्रणा सायकलीवरच्या टॅगवरून ती ओळखते. दोन्हीकडे फोन खिशातच राहू शकतो, हे ॲप बनवणाऱ्यांना जरा खटकेल.

आगाऊ आरक्षण मोहक वाटते; पण न आलेल्या माणसाची जागा थोड्या वेळात आपोआप मोकळी होणार नसेल, तर ते देऊ नये.

दार, कॅमेरे आणि बेवारस सायकली यांची जबाबदारी लेखी स्वीकारणारा पार्किंगचालक मिळाला असेल, तरच दुसरा पर्याय निवडावा. तोवर पहिला बरा. मात्र प्रत्येक स्टँडला कायमचा क्रमांक द्यावा, म्हणजे पुढे कुलूप जोडताना जुन्या नोंदी वाया जाणार नाहीत.