बायोफायरचं बीसीआयडी२ पॅनल: रिपोर्ट तासाभरात, पण बघतंय कोण?

सेप्सिसचा (इन्फेक्शनमुळे अवयव निकामी होऊ लागलेला) पेशंट आयसीयूत असला की ब्लड कल्चरची, म्हणजे बाटलीत रक्त ठेवून जंतू वाढवायच्या टेस्टची, वाट बघणं जीव काढतं, बाटली पॉझिटिव्ह झाली तरी जंतूचं नाव आणि सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालेल ते) यायला अजून एक-दोन दिवस जातात आणि तोवर सगळं अंदाजावर चालू. बीसीआयडी२, म्हणजे बाटलीतल्या जंतूंचा डीएनए ओळखणारं हे टेस्ट-किट, तो मधला वेळ खरंच खाऊन टाकतं. पॉझिटिव्ह बाटलीतलं थोडंसं सँपल पाऊचमध्ये सोडायचं, मशीनला लावायचं, तासाभरात ४३ टार्गेट्स हातात, ३३ जंतू आणि १० रेझिस्टन्स जीन्स (जंतूला औषध न जुमानू देणारे जीन्स).

माझ्या मते खरी किंमत वसूल होते ती जीन्समुळे. क्लेब्सिएला हा जंतू आणि सोबत एनडीएम हा रेझिस्टन्स जीन दिसला की मेरोपेनेम या तगड्या अँटिबायोटिकवर विसंबून बसायचं नाही, लगेच दुसरा विचार सुरू. स्टॅफ ऑरियस हा जंतू आहे पण मेकए हा रेझिस्टन्स जीन नाही, मग व्हँकोमायसिन सोडून सिफॅझोलिनवर या, पेशंटचं त्यात भलंच आहे. आणि एकाच बाटलीत एपिडर्मिडिस, म्हणजे त्वचेवरचा नेहमीचा स्टॅफ, आला, पेशंट बरा दिसतोय, तर बहुतेक स्किनचं कंटॅमिनेशन, उगाच औषधं भरत राहू नका.

आता कमी काय ते. टेस्ट थेट रक्तावर होत नाही, आधी बाटली पॉझिटिव्ह व्हायला लागते. थेट रक्तावरची टी२ नावाची टेस्ट आली होती, ३ ते ५ तासांत सांगायची, पण त्यात मोजकेच जंतू. आणि जीन सापडला नाही म्हणजे औषध चालेलच असं अजिबात नाही, स्यूडोमोनास हा जंतू तर इतर वाटांनीही रेझिस्टंट होतो, त्यामुळे कल्चर-सेन्सिटिव्हिटी बंद करायचा विचारसुद्धा नको.

माझा राग मात्र मशीनवर नाहीच. एका ठिकाणी पाहिलंय, रिपोर्ट रात्रीच सिस्टीममध्ये पडला होता, वॉर्डात फोन कुणी केला नाही, औषध बदललं ते सकाळच्या राउंडला! २०१५ च्या रँडमाइज्ड ट्रायलमध्ये याच पॅनलचं आधीचं व्हर्जन होतं, तिथेही नको ती औषधं सगळ्यात लवकर कमी झाली ती स्टुअर्डशिप टीमचा (अँटिबायोटिक्सचा वापर बघणाऱ्या टीमचा) सल्ला सोबत होता त्या ग्रुपमध्ये, नुसत्या पॅनलवाल्या ग्रुपमध्ये नाही. मृत्युदरात फरक दिसला नव्हता, हेही सांगायला हवं.

म्हणून घेणाऱ्यांनी डेमोच्या वेळी स्पीड विचारत बसण्यापेक्षा आपल्याच लोकांना विचारा, रात्री रिझल्ट आला तर फोन कोण करणार, उचलणार कोण आणि औषध बदलायचा अधिकार कुणाला. तीन नावं मिळाली तर बिनधास्त घ्या.