माशांची रंगवायची पानं: सात महिन्यांनंतर

एप्रिलच्या सुट्टीत लेकीसाठी माशांच्या चित्रांचा फुकट मिळणारा पीडीएफ संच डाउनलोड केला. चाळीस पानं. तेव्हा ती साडेचार वर्षांची होती, आता पाच पूर्ण. काही पानं मी दहा-पंधरा वेळा छापली, काही एकदाच.

आधी कागदाचं सांगते. नेहमीचा ७५ जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप; आकडा मोठा तसा कागद जाड) ए-फोर तेलखडू आणि रंगीत पेन्सिलींना पुरतो. स्केचपेनचा रंग मात्र आरपार उतरतो. १०० जीएसएम घेतल्यापासून टेबल वाचलं. जलरंग द्यायचे असतील तर झेरॉक्सच्या दुकानातून प्रती काढा. आमच्या इंकजेटची शाई ओल्या ब्रशने पसरते आणि अख्खा मासा राखाडी होतो. झेरॉक्सच्या टोनरची, म्हणजे कोरड्या शाईची, रेघ पाण्याने हलत नाही.

ठळक रेषा आणि पानभर एकच मासा, अशी चित्रं या वयाला उत्तम. खवल्याखवल्यात नक्षी भरलेली पानं लेकीने अर्ध्यावर टाकली. नऊ वर्षांचा भाचा मात्र त्यांत दुपार घालवतो.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. आम्ही रत्नागिरीत राहतो, आणि चाळीस पानांत आमच्या ताटातला एकही मासा नाही. क्लाउनफिश, गोल्डफिश, एंजलफिश, शार्क. पावसात बोटी बंद होत्या तेव्हा रोज हेच रंगवून झाल्यावर लेक म्हणाली, "आई, यात बांगडा कुठाय?"

बोटी पुन्हा सुरू झाल्यावर मी ताजा बांगडा आणला, ताटलीत ठेवला आणि बघून जाड मार्करने बाह्यरेषा काढली. लेक शेजारी बसून मोजत होती: पाठीवरच्या दुसऱ्या परामागे शेपटीपर्यंत पाच चिमुकले पर, खालच्या बाजूलाही पाच. मी इतकी वर्षं बांगडे साफ करतेय, ते पर कधी मोजले नव्हते. पाठीला तिने निळा-हिरवा रंग दिला, वर काळपट रेघा ओढल्या, पोट कोरं ठेवलं. "ते चमकतं ना," म्हणाली.

मग पापलेट. २०२३ मध्ये तो महाराष्ट्राचा राज्य मासा झाला, तरी संचात नाही. तो मीच काढला. क्लाउनफिशचं पान शेजारी ठेवून तिने विचारलं, "ह्याला पोटाखाली दोन पर आहेत, पापलेटला का नाहीत?" मोठ्या पापलेटला ते नसतातच. संचातलं चित्र नीट काढलेलं होतं म्हणूनच हा फरक तिला दिसला, त्याचं श्रेय काढणाऱ्याला द्यायलाच हवं.

तर पाचच्या आतल्या मुलांसाठी संच जरूर घ्या, पण चाळीसही पानं एकदम छापू नका. ठळक रेषेची आठ-दहा निवडा आणि बाजारातून आणलेला एक मासा स्वतः काढून त्यांत घाला. रेघ वाकडी आली तरी चालते. आमच्याकडे आता बोंबलाची मागणी आहे. त्याचं तोंड केवढं मोठं आणि दात किती बारीक, ते बघून मगच काढ, अशी मला ताकीद मिळाली आहे.